पाठीवरचा तेलाचा डाग

मित्रांनो, मी एक जुना स्वेडचा कोट आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझी चेन आजही एका ओढीत वर जाते, एवढंच सांगतो. स्वेड म्हणजे चामड्याचीच आतली बाजू, घासून घासून तिच्यावर मऊ लव आणलेली. रंग माझा मधाचा. मला त्याचा थोडा तोरा होताच, खोटं कशाला बोलू?

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. उजव्या खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर, त्यामुळे तो खिसा अजून लोंबतो. शाळा सुटली की त्यांची लेक चिमी स्कूटरवर मागे बसायची. तिला हमखास डुलकी लागायची आणि तेलाने चोपडलेलं डोकं माझ्या पाठीवर टेकायचं. पोरीला आई नव्हती. डोक्याला तेल लावायचं ते आत्याने, आणि आत्याचा हात भारी सढळ. बघता बघता माझ्या पाठीवर बशीएवढा डाग पडला. आत्याला तो डोळ्यांत खुपायचा. मालक म्हणायचे, असू दे गं, मागे कोण बसतं ते लोकांना कळतं.

पुढे मालक गेले. मी दाराजवळच्या खुंटीवर राहिलो. चिमी मोठी झाली, तीही लिफ्टच्याच कामाला लागली. सकाळी निघताना माझ्या बाहीला हात लावल्याशिवाय तिचं पाऊल घराबाहेर पडत नसे.

मग ती दुपार आली. आत्याने कढईत तेल तापत ठेवलं आणि दारात शेजारीण भेटली. दोघींच्या गप्पा म्हणजे काय विचारता! आग लवकर विझली, कुणाला इजा झाली नाही, पण धूर घरभर फिरला आणि मी काळाठिक्कर पडलो. चिमी यायच्या आत सगळं लख्ख करायचं म्हणून आत्याने साबणाचं ओलं फडकं घेतलं आणि माझी डावी बाही खसाखसा घासली. बिचारीची हयात भांडी घासण्यात गेलेली, दुसरं काय सुचणार? वरवर बसलेली काजळी पाण्याबरोबर आत मुरली. बाही वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झाली.

चिमीने येऊन माझ्या बाहीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

दोन धुलाईवाल्यांनी हात वर केले. तिसऱ्याने आत्याला डॉक्टरांचा पत्ता दिला. हे डॉक्टर चामड्याचे. पेशंट म्हणजे बूट, पर्स आणि माझ्यासारखे कोट. त्यांच्या दुकानात पाण्याला सक्त बंदी. स्वतःचा चहासुद्धा ते बाहेर पायरीवर बसून प्यायचे. आत्याच्या पिशवीतली बाटली आधी बाहेर ठेवायला लावली, मग माझी बाही पाहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," आत्या खाली मान घालून म्हणाली.

"मग काढायचंही तुम्हीच. घासायचं नाही. टेकवायचं आणि उचलायचं."

त्यांनी अंगाला न टेकवता व्हॅक्यूमने सुटी काजळी ओढून घेतली आणि आत्याच्या हातात रबराचा कोरडा स्पंज दिला. आत्या आठ दिवस रोज येत होती. सवयीने मनगट घासायला वळलं की डॉक्टर नुसते खाकरायचे. स्पंज काळा झाला की त्याची काळी बाजू कापून टाकायची आणि पुन्हा टेकवायचा. बाहीसाठी डॉक्टरांनी पांढऱ्या व्हिनेगरचा जेमतेम ओलावा वापरला, लांबून वाफ दिली आणि मऊ ब्रशने लव उभी केली. बाही सुधारली, पण जरा सावळीच राहिली.

शेवटच्या दिवशी पाठीवरच्या काजळीखालून तो बशीएवढा डाग वर आला. डॉक्टरांनी खडूच्या पुडीचा डबा उघडला. ही पूड तेल शोषून घेते, उद्यापर्यंत डाग नाहीसा होईल, म्हणाले. आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"तो राहू द्या. ते तेल मी लावलेलं आहे."

घरी चिमीने मला उलटा केला, आधी पाठ पाहिली, मग त्या डागावर गाल ठेवला. मग बाह्या दुमडून तिने मला पहिल्यांदा अंगात घातलं आणि आत्याला म्हणाली, "चल, चक्कर मारून येऊ."

मित्रांनो, आमच्यावर काजळी बसली तर पाणी आणि घाई दोन्ही लांब ठेवा. आणि जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी घरात विचारा, तो कुणाचा आहे. माझ्या डागाचं म्हणाल, तर स्कूटर पहिल्या वळणावर पोचली तेव्हा आत्याचं डोकं त्यावर टेकलं होतं. तिच्या केसांना तेल होतंच. डाग आता थोडा वाढेल, वाढू दे.