मागीलदार

"बघलंस? तिरफळां वाटपात घातल्यान. आता सार कडू जातलां." इझाबेलनं मोबाइलच्या काचेवर बोट आपटलं. "माझ्या रांदपाघरात काय माशयो मारी होता काय ह्यां?"

ह्यां म्हणजे तिची लेक रॉविना, कुवेतला नर्स. इझाबेलचा नवरा पायस गेला तेव्हा तिला रजा मिळाली नाही, आणि बापाच्या मातीला ती पोचली नाही. इझाबेलनं तिला फोनवरच ऐकवलं होतं, "आता तुझां तोंड बघूचंय नाय." त्यानंतर तिचा फोन घेतला नाही. इझाबेलचा शब्द म्हणजे शब्द. पाद्रीसुद्धा तिच्यापुढे जपून बोलत.

रॉविना रांदपाचे, स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते, ही बातमी सुनेनं, ग्लेनिशानं आणली. अकाउंट काढून बघूया म्हणाली.

"आणि माझां नाव तिका दिसात? मांय मऊ झाली, म्हणान?"

मग ग्लेनिशानं दुसरीच एक साइट शोधून काढली. व्हिडिओ तेच, पण इथं नाव विचारत नाहीत आणि कोणी बघितलं ते पलीकडे कळवत नाहीत. "मागीलदार म्हणा, मांय. हळूच येवचा, बघूचा, जावचा." इझाबेलला ते पटलं.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की दोघी स्वयंपाकघरात बसत. रॉविना कधी बांगडे डावानं ढवळून मोडायची, कधी कोकमाची सोलं घालायलाच विसरायची. इझाबेल तिला सोलून काढायची. त्या दिवसांत तिला जेवणही जरा बरं जात होतं.

"मांय, तोंड बघूचा नाय म्हणता मां?"

"मी हांडी बघतंय. तोंड मधी येता, त्याका मी काय करू?"

एका दुपारी रॉविनानं सार उतरवलं, गॅस बंद केला आणि कॅमेऱ्याकडे वळली. "ह्यो शेवटचो व्हिडिओ. एक सांगतंय. मी मुद्दाम चुकवी होतंय. वाटलां, मांय एक दिस तरी गप रवाची नाय, खाली गाळी लिवन धाडीत. पण ती बघणाच नाय." तिनं हांडीवर झाकण ठेवलं.

इझाबेलनं मोबाइल ग्लेनिशापुढे सरकवला. मग म्हणाली, "लिव."

"मांय, हंयसून लिवक येणा नाय. हंयसून नुसता बघूक येता."

"मगे पुढल्या दारान चल. घाल माझां नाव."

मुलाकडे, क्लेटनकडे रॉविनाचा नंबर होता, तो लागत नव्हता. ग्लेनिशानं अकाउंट काढलं. फोटो नसला तरी चालतो, म्हणाली.

"चलता कित्याक? काढ."

इझाबेलनं तोंड धुतलं, चर्चमध्ये मीसाला घालायचा झगा घातला आणि घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर ताठ बसली. हसली नाही. व्हिडिओखाली तिनं एवढंच लिहायला सांगितलं: तिरफळां वाटूची नाय, ठेचूची. मांय.

नाताळ झाला. परसातल्या पेरूची फुलंही गळून गेली. दुपारी भांडी झाली की ग्लेनिशा अजून तो व्हिडिओ उघडते, आता पुढल्या दारानं. त्याखाली अजून ती एकच ओळ आहे, उत्तर नाही; आणि ओळीशेजारी वाटोळ्या चौकटीत इझाबेल.

"तोंड नीट दिसता मां?"

"दिसता, मांय."

"मगे रवांदे."

इझाबेल मोबाइल तिरफळांच्या बाटलीला टेकवून ठेवते आणि काच आपली आपण काळी होईपर्यंत समोर बसून राहते.