कवचाची आतली बाजू

देवानेही कधीमधी कपडे बदलावेत, ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे. शिवेवरच्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत जातो, आणि एखाद्या दिवशी त्या शेंदराचा जाड थर आपसूक निखळून पडतो. देवाने कवच सोडलं असं लोक म्हणतात. उघडा देव कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून पडदा लावतात, कवच नव्या कापडात गुंडाळून वाजतगाजत तापीत सोडतात, आणि मग दगडाला पुन्हा शेंदूर लागतो.

सन १८९४च्या चैत्रात बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावच्या भैरोबाने कवच सोडलं. पूजेचा मान धुरपदाबाईच्या घराकडे होता. ती विधवा, आणि देवराम तिचा एकुलता एक मुलगा. तिने कवच गुंडाळून डोक्यावरून बऱ्हाणपुरास तापीच्या राजघाटावर नेलं. मागे पडद्याआड देवरामने राख आणि चिंच लावून दगड घासला. घासता घासता त्याला दगडावर कोरलेला क्रूस दिसला. चारी टोकं रुंद, चांगला वीतभर.

दुसरा कुणी असता तर गुपचूप शेंदूर फासून मोकळा झाला असता. पण देवराम बऱ्हाणपुरात पाद्रीसाहेबाचा मुन्शी होता. धर्म त्याने सोडला नव्हता, सोडायचा विचारही नव्हता. पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. पाद्री माणूस भला, पण उतावळा. येशूचा शिष्य थॉमस हिंदुस्थानात आला होता, अशी दक्षिणेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी समजूत आहे. पाद्रीने तेवढ्यावर ठरवून टाकलं की थॉमसची माणसं सुरतेहून तापीकाठाने वर आली आणि हा दगड पहिल्या शतकातला आहे. मुंबईच्या एका वर्तमानपत्राने ते छापलं. ख्रिस्ताचा धर्म रोमच्या आधी फोपनारात पोचला म्हणायचा, अशी बऱ्हाणपूरच्या वकीलमंडळींत थट्टा सुरू झाली. पाद्रीने दगड नागपूरच्या म्युझियमसाठी मागितला, तेव्हा मात्र फोपनारात कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

खंडव्याच्या जिल्ह्याच्या साहेबाने हे लोढणं बऱ्हाणपूरच्या शाळेतल्या विनायकराव मास्तरांच्या गळ्यात बांधलं. तिथल्या जामा मशिदीतले अरबी आणि संस्कृत लेख दोन्ही वाचणारा माणूस शहरात हा एकच. साहेबाने लिहिलं होतं, की दगड पहिल्या शतकातला ठरला तरच हलवू, नाहीतर गावचा देव गावात राहील. मास्तरांनी ती चिठ्ठी खिशात घातली आणि बैलगाडी जुंपायला सांगितली.

क्रूस नवा की जुना, ते नुसतं बघून कळेना. राखेने सगळाच दगड सारखा लख्ख झाला होता. मास्तर दगडासमोर बराच वेळ उकिडवे बसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की क्रूस शेंदराच्या आधीचा असेल, तर कवचाच्या आतल्या बाजूला तो उठून आलेला असणार. आतून सपाट असेल, तर कवच पडल्यावर कुणीतरी तो कोरला आहे. कवच तापीच्या डोहात गेलं होतं. ते आतून पाहणारी एकच बाई होती.

सगळं गाव जमलं होतं. देवराम पाद्रीशेजारी उभा होता. मास्तरांनी विचारलं, "बाई, कवच आतून कसं होतं?"

"गुळगुळीत व्हतं," धुरपदाबाई म्हणाली. "पोळपाटासारखं."

"नीट आठव. काही उठलेलं, रेघ वगैरे?"

"कायबी नव्हतं."

देवराम आईकडे बघतच राहिला. ती पदर सावरत दुसरीकडे बघत होती.

मास्तरांचा अहवाल मोठा सुरेख होता. पहिल्या शतकाला कसलाच आधार नाही, असं त्यांनी लिहिलं. खूण जुनी धरली तरी शेंदूर फार तर दोनतीनशे वर्षांचा. बादशाही काळात बऱ्हाणपुरात आर्मेनियन व्यापारी होते, फिरंगी गोलंदाज होते. आणि पाथरवटही अशा खुणा करतात. क्रूस जुना असला म्हणजे तो थॉमसचा ठरत नाही. इथे थांबले असते तरी दगड वाचत होता. पण मास्तरांना काहीही अर्धं सोडवत नसे. त्यांनी शेवटी आणखी एक वाक्य लिहिलं, की कवच आतून गुळगुळीत होते, सबब खूण हल्लीच कोरलेली आहे.

कुणी कोरली ते त्यांनी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती; पडद्याआड एकटा देवराम होता. पाद्रीने स्वतःचं हसं झाल्याचा राग त्याच्यावर काढला आणि त्याला कामावरून काढलं. गावाने देवावर छिन्नी चालवणारा म्हणून त्याचं पाणी तोडलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हे असं.

गाव सोडण्याआधी देवराम मास्तरांच्या ओसरीवर येऊन गेला.

"मास्तर, मी दगड घासला. कोरला नाही. एवढं तरी लिहा."

"पुरावा आण, लिहितो."

"पुरावा तर तापीत गेला न."

"मग माझा इलाज नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. त्यानंतर चांदनी स्टेशनावर कुणीतरी त्याला खंडव्याकडच्या गाडीत चढताना पाहिलं. पुढे काही कळलं नाही.

काही वर्षांनी बाजाराच्या दिवशी धुरपदाबाई मास्तरांकडे आली. फार वाळली होती.

"तुमची सरकारात वळख हाय. माह्या पोराचा पता लागंल का?"

"बघतो. सापडला तर काय निरोप देऊ?"

"सांगा, तुही माय झूट बोलली."

मास्तरांना आधी कळलंच नाही. तिने समजावलं, "कवच पोटाशी धरून पाण्यात उतरली, तव्हा आतली उठलेली रेघ हाताला लागली. एक उभी, एक आडवी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"पाद्री देव नेत व्हता न, मास्तर. म्या म्हनलं, पोरगं काय, चार दिवस रुसंल आन् घरी यील. देव गेला त मंग येत नाही."

साहेबाची चिठ्ठी त्या दिवशी मास्तरांच्या खिशात होती. गावासमोर ती वाचून दाखवावी, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं; सरकारी कागद खेडुतांना कशाला वाचून दाखवायचा? तिने खरं सांगितलं असतं तरी देव जागचा हलला नसता आणि देवराम आज घरी असता. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिनेच विचारलं, "म्या खरं सांगतलं असतं, त देव गेलाच असता न?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"हो बाई," मास्तर म्हणाले, "गेलाच असता."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि डोळे पुसून गाठोडं उचलायला वाकली.