दुपट्याचे एकशे दहा ग्रॅम

या खोलीत एक टेबल आहे, एक खुर्ची, दोन खिडक्या, भिंतीवर एक लाकडी क्रूस, एक किलोचं एक पितळी वजन, एक वही आणि मी. वहीच्या उघड्या पानावर तीन बाळांच्या नोंदी आहेत. त्यातल्या दोन नोंदींखाली आडवी रेघ मारलेली आहे.

मित्रांनो, मी बाळांचं वजन करणारा एक जुना काटा आहे. माझं पारडं पत्र्याचं, दांडी पोलादाची. दांडीवर पाच-पाच ग्रॅमच्या खुणा आहेत आणि तिच्यावरून एक छोटं वजन सरकतं. ही दांडी एका बारीक धारेवर तोललेली असते. त्या धारेवर धुळीचा कण बसला तरी मी चुकतो. कारखान्यात मला बनवणाऱ्या कारागिराने ती धार दोन दिवस घासली होती. मग मला खोक्यात घालून प्रभूच्या नावानं चालणाऱ्या या लहानशा दवाखान्यात पाठवलं गेलं.

माझी पहिली वीस वर्षं मोठ्या सिस्टरच्या हाताखाली गेली. दर सोमवारी त्या माझी धार कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि पारड्यात ते पितळी वजन ठेवायच्या. दांडी बरोबर एक हजारावर थांबली की म्हणायच्या, "शाब्बास रे! देवानं तुला खरं बोलायला ठेवलंय. बाकीचं त्याचा तो बघेल." आयांना त्या अभिमानानं सांगत, "या खोलीत फक्त दोघं खोटं बोलत नाहीत. एक वर आहे, एक टेबलावर." मला फार बरं वाटायचं. आपण कशासाठी आहोत हे ज्याला ठाऊक असतं, त्याला पावसाळ्यात गंजाचीही भीती वाटत नाही.

मोठ्या सिस्टर थकल्या आणि निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी धाकटी सिस्टर आली. हुशार, हाताला हलकी, पण सदा घाईत. सोमवारची तपासणी आधी लांबली, मग सुटली. पितळी वजनाचा उपयोग खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून होऊ लागला. मी तक्रार केली नाही. काट्याला तोंड नसतं.

या हिवाळ्यात दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली तीन बाळं आली. पहिलं आठव्या दिवशी गेलं, दुसरं अकराव्या. दोन्ही वेळा वजन आधी थोडं वाढलं आणि मग घसरलं. घसरण सर्वांत आधी मलाच कळली. दुसऱ्या वेळी सिस्टर रिकाम्या पारड्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. तिच्या तळव्याचं वजन मी पेलत होतो. ते वहीत कुणी लिहिलं नाही.

तिसरं बाळ एका रविवारी आलं. मुलगी होती. आई तापात होती, म्हणून आजीच सगळं बघायची. बाळाला गार पत्रा लागू नये म्हणून आजीनं स्वतः शिवलेलं जाड दुपटं दिलं. ते फक्त वजनापुरतंच वापरायचं आणि एरवी आजी ते शेगडीपाशी उबेला ठेवायची. सिस्टरनं ते त्याच दिवशी माझ्यावर तोललं: एकशे दहा ग्रॅम. तेवढे वजा करून ती रोज सकाळी बाळाचं वजन लिहू लागली. सोमवारी १४८०. मंगळवारी १४९०. बुधवारी १५०५. गुरुवारी १५२०.

गुरुवारी दुपारी सिस्टरनं खिशातून थोरल्या भावाचं पत्र काढलं. शहरातल्या प्रयोगशाळेत जागा रिकामी होती, शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. ती क्रुसासमोर गुडघे टेकून बसली.

"प्रभू, मी तुझं बोलावणं समजून इथे आले. माझ्या हातून दोन लेकरं गेली. मला खरंच तू बोलावलं होतंस, की माझा मीच समज करून घेतला? मला आता काही ऐकू येत नाही. उद्या या बाळाचं वजन वाढलं तर मी राहते. घटलं तर समजेन, तुला मी इथे नको आहे."

मित्रांनो, माझी दांडी जागच्या जागी थरथरली. माझ्यावर चार किलोची बाळं ठेवली गेली आहेत, पण इतकं ओझं कधी नव्हतं. देवाच्या मनात काय आहे ते सांगायला मला कुणी बनवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवलं. छोटं वजन सरकवलं. मागे घेतलं. पुन्हा सरकवलं.

१४७०. एका दिवसात पन्नास ग्रॅम कमी.

तिनं बाळ आजीकडे दिलं. मग खिडकीतलं पितळी वजन उचललं, माझी धार पुसली आणि ते पारड्यात ठेवलं. मी वाट पाहत होतो. माझी धार झिजली असेल, मीच चुकलो असेन, असं मला मनापासून वाटत होतं. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला चुकीचं ठरायचं होतं.

दांडी बरोबर एक हजारावर थांबली.

सिस्टर खुर्चीत बसली. "कळलं," ती क्रुसाकडे न बघता म्हणाली. तिनं कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहायला घेतला. पहिल्याच ओळीवर तिचं पेन अडलं, कारण कागद ओला झाला होता. मी समोर उभा होतो. मी खरं बोललो होतो, आणि माझ्या खरं बोलण्यानं एक माणूस मोडत होतं. मोठ्या सिस्टर असत्या तर त्यांना विचारलं असतं: बाई, खरं बोलूनही असं होत असेल तर मी कशासाठी आहे?

तेवढ्यात आजी दारात आली.

"सिस्टर, जरा हात पुढे करा बघू."

"आजी, आत्ता नको."

"अहो, करा म्हणते ना! म्हातारीचं ऐकलं तर झिजणार नाही तुम्ही." आजीनं तिच्या तळव्यावर एक पितळी क्रूस ठेवला. "माझ्या आईचा आहे. रविवारी संध्याकाळी दुपट्याच्या पायथ्याला आत शिवून टाकला होता, लेकराची राखण व्हावी म्हणून. काल तुमची प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकली. म्हटलं, लेकरू दूध तरी पितंय, या बाईच्या पोटात तर काहीच जात नाही. उसवून काढला. ठेवा तुम्हाला."

सिस्टरनं तो क्रूस तळव्यावर तोलून पाहिला. "काल काढलात? वजनानंतर?"

"मग? दुपारी. का हो, काही चुकलं का माझं?"

सिस्टरनं क्रूस माझ्या पारड्यात ठेवला. पासष्ट ग्रॅम.

तिनं वही ओढली. सोमवार ते गुरुवारच्या प्रत्येक आकड्यातून पासष्ट वजा केले: १४१५, १४२५, १४४०, १४५५. शुक्रवारचा १४७० तसाच राहिला. बाळ एकही दिवस घटलं नव्हतं. ती हसली आणि त्याच दमात हुंदका देऊन रडली. आजी घाबरली.

"आजी, मी देवाला म्हटलं होतं, वजनावरून सांग."

"ऐकलं की मी. त्याला ग्रॅममध्ये बोलायला लावलंत होय?" आजी म्हणाली. "तो एवढा हिशेबी असता तर तुमचं-माझं कसं निभावलं असतं?"

"आता वजन वाढलेलं निघालं. म्हणजे मी राहायचं का?"

"ते मला काय विचारता? दहा वाजलेत. लेकराच्या दुधाची वेळ झाली, ते सांगायला आले होते."

सिस्टर उठली. दूध पाजून आली. राजीनाम्याच्या ओल्या कागदाची घडी करून तिनं ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. मग भावाला दोन ओळी लिहिल्या: "मी येत नाही. इथे दर दोन तासांनी एका बाळाला पाजावं लागतं." शनिवारी सकाळी, वजन करण्याच्या आधी, तिनं ते पाकीट टपालवाल्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखा कुणी जुना काटा असेल तर त्याची धार कोरड्या फडक्यानं पुसा, सोमवारी एकदा त्याला तपासा आणि त्याच्यावर काय ठेवताय ते घडी उलगडून बघा. त्याच्याकडून वजनच मागा. देवाला जे विचारायचं ते देवाला विचारा आणि उत्तराची वाट बघताना हातातलं काम खाली ठेवू नका.

शनिवारी सिस्टरनं आधी पितळी वजन ठेवून पाहिलं: एक हजार. दुपटं उलगडून झटकलं, पुन्हा तोललं: एकशे दहा. क्रूस तिच्या गळ्यात होता. तिनं बाळाला गुंडाळून पारड्यात ठेवलं आणि हात काढून घेतला. दांडी दोनदा हलली, थांबली. एक हजार पाचशे पंच्याण्णव. दुपट्याचे एकशे दहा वजा.

१४८५ ग्रॅम.