निळ्या कापडाखालून

मी सुतारखोलीतलं टेबल. हो, टेबलच. ज्यांना टेबलाने तोंड उघडलेलं खपत नसेल त्यांनी खुशाल उठून जावं. माझ्यासमोर उभं राहून इतक्या जणांनी भाषणं ठोकली आहेत, आता एक माझंही होऊन जाऊ दे.

माझा जन्म याच शाळेतला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर मागे राहिलेल्या गावातली ही शाळा. पोरांनीच मला मेपलच्या फळ्यांतून ठोकून काढलं, म्हणून माझा एक पाय आजही जरा आखूड आहे. एका टोकाला लाकूड आवळून धरायचा लोखंडी जबडा, अंगभर करवतीचे व्रण, खालच्या बाजूला कोरलेली नावं. माझ्यावर पाळणे झाले, पाखरांची घरं झाली, एकदा तर एका पोराने स्वतःच्या आजीची शवपेटी माझ्यावरच केली. रडत रडत केली, पण सरळ केली.

मग गावात कॉलेज आलं. म्हणजे कॉलेज नाही आलं, त्याचा पडदा आला.

आमचे अधीक्षक स्टिफलर साहेब हे गावातल्या सगळ्या शाळांचे कारभारी. त्यांनी शहरातल्या एका कॉलेजशी करार केला. वरच्या वर्गातल्या पोरांनी शाळेतच बसून कॉलेजचे विषय घ्यायचे, मार्क दोन्हीकडे धरायचे, फी काही नाही. कल्पना वाईट नव्हती. चांगली कल्पना मातीत कशी घालावी हे मात्र साहेबांकडून शिकावं.

हे विषय शिकवण्याची पात्रता असलेलं शाळेत कुणी नव्हतं. त्यावर साहेबांनी तोड काढली: शिकवणाऱ्या बाई शहरातूनच टीव्हीवर दिसतील. खोली हवी होती, म्हणून सुतारकाम बंद. करवती, रंधे विकून टाकले. माझ्यावर कॉलेजचं चिन्ह असलेलं निळं कापड पांघरलं आणि वर भलामोठा टीव्ही ठेवला. फीत कापून साहेब म्हणाले की आज आपल्या गावात कॉलेज उभं राहिलं. उभा मी होतो, तोही आखूड पायावर.

करारात एक अट होती. तास चालू असताना आणि परीक्षेला शाळेचं एक मोठं माणूस खोलीत बसलेलं हवं. ते काम फुटबॉलच्या बेनिंगर कोचकडे आलं. कोच माझ्यावर पाय टाकून बसायचा आणि शुक्रवारच्या सामन्याच्या चाली कागदावर काढायचा. पडद्यावर लिंडक्विस्ट बाई शरीरशास्त्र शिकवायच्या. कॅमेरा कुणी धड बसवलाच नव्हता, त्यामुळे बाईंना पोरांची फक्त कपाळं दिसायची. तरी त्या बिचाऱ्या कपाळांकडे बघून रोज विचारायच्या, समजलं का?

पोरं चार. त्यातली तिघं वर्गात कंटाळली म्हणून आली होती. चौथी मार्ली कोवालचिक.

मार्लीला मी आधीपासून ओळखतो. सुतारकाम बंद व्हायच्या वर्षी तिने माझ्यावर एक तिपाई केली होती, इतकी वाकडी की मला लाज वाटली. पण पोरगी चिवट. तिला नर्स व्हायचं होतं. घरात फक्त आजोबा, एमिल कोवालचिक. ती त्याला पॅप म्हणायची. चार वर्षांच्या कॉलेजचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. त्यातलं एक वर्ष इथेच उरकलं तरच तिचा नर्सिंगचा रस्ता मोकळा होणार होता, आणि तिथे प्रवेश शरीरशास्त्राच्या मार्कांवर. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे मार्क कॉलेजचे आहेत, नापास झालात तर तो डाग जन्मभर पुसला जात नाही. तिघांनी जांभया दिल्या. मार्ली ताठ बसली.

आता ऐका आमच्या शहाण्यांची करामत.

नोव्हेंबरात घरोघर टर्की पक्षी भाजून खायचा सण असतो, त्यानंतरच्या सोमवारी आमच्याकडे शाळा बंद असते. हरणांच्या शिकारीचा तो दिवस. चुकून एकमेकांची गोळी लागू नये म्हणून अख्खा गाव नारिंगी जाकिटं घालून डोंगरात. पोस्टमन डोंगरात, दंतवैद्य डोंगरात, पाद्रीसुद्धा डोंगरात. आणि मोठी परीक्षा कॉलेजने नेमकी त्याच सोमवारी ठेवली. शहरात तो साधा सोमवार. साहेबांनी ऑगस्टमध्ये करारावर सही करताना फोटोसाठी मान वर धरली होती, तारखांकडे खाली कोण बघतो?

मार्लीच्या ते सप्टेंबरातच लक्षात आलं होतं. तिने कोचला सांगितलं. कोच म्हणाला, बघू. साहेब म्हणाले, कॉलेज जमवून घेईल. कॉलेजच्या ऑफिसने सांगितलं, शाळा जमवून घेईल. सगळ्यांनी असे हात झटकले आणि सण आला. सगळे टर्की खाऊन सुस्त झाले.

तो सोमवार उजाडला तेव्हा खोलीत गोठवणारी थंडी होती, कारण सुट्टीच्या दिवशी शाळेची भट्टी बंद. बाहेर पुढच्या दाराला कुलूप. थोड्या वेळाने मागचं लोखंडी शटर खडखडलं. फळ्या आत आणायचं ते शटर. त्याची कडी कधीची तुटलेली आहे, हे ज्यांनी माझ्यावर काम केलं त्यांनाच ठाऊक. शटर हातभर वर गेलं आणि खालून सरपटत मार्ली आत आली.

तिने टीव्ही लावला. बाई दिसल्या. त्यांना मार्लीचं कपाळ दिसलं.

"बाकीचे कुठे आहेत? आणि मिस्टर बेनिंगर?"

"शिकारीला गेलेत, बाई. आज इथे सुट्टी असते."

"सोमवारी? कसली?"

"हरणांची."

बाईंनी समोरचा नियमांचा कागद चाळला. मग म्हणाल्या की खोलीत शाळेचं कुणी नसेल तर परीक्षा घेता येत नाही, नियम त्यांच्या हातात नाही, आणि दिली नाही तर शून्य. आवाजात ओशाळेपणा होता, पण नियम नियमच. मला इतका संताप आला की जबड्यात कुणाचं तरी बोट सापडायला हवं होतं.

मार्ली पुन्हा शटरखालून बाहेर पळाली. म्हातारा एमिल तिला गाडीने सोडून निघालाच होता. घरी जाऊन बंदूक घ्यायची आणि डोंगर गाठायचा, वर्षभर याच दिवसाची वाट बघितलेली. ती त्याला गाडीतून ओढतच घेऊन आली. गुडघे धरत, शिव्या पुटपुटत म्हातारा शटरखालून आत आला, नारिंगी जाकिटात.

"आपण शाळेत काम करता?" बाईंनी विचारलं.

"शाळेची पिवळी बस चालवतो, बाईसाहेब. या वर्गातली सगळी पोरं रोज मीच आणतो. पगार शाळाच देते, कमी देते, पण देते."

"मग बसा," बाई म्हणाल्या.

तो कोपऱ्यातल्या वाकड्या तिपाईवर बसला. तीच ती, मार्लीची. परीक्षा संपेपर्यंत तो काखेत हात घालून तिथेच बसून राहिला. बाहेर डोंगरात गोळ्यांचे आवाज होत होते. प्रत्येक आवाजाला म्हातारा खिडकीकडे बघायचा आणि पुन्हा नातीकडे वळायचा. त्या खोलीत कुणीतरी आपलं काम करत बसलंय, असं मी त्या वर्षात पहिल्यांदाच पाहिलं.

मार्ली चांगली पास झाली. बाकी तिघांना शून्य. साहेब म्हणाले, मुलांनी जबाबदारी शिकायला हवी. कोचला कुणी काही विचारलं नाही. त्याला मोठं शिंगवालं हरीण मिळालं होतं आणि सगळे त्याचंच कौतुक करत होते. मार्लीला मात्र शिक्षा झाली. सुट्टीच्या दिवशी शाळेत घुसली म्हणून आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात एकटीला बसवलं.

आणि तीच मार्ली मे महिन्यात साहेबांची लाडकी झाली. माझ्यावर निळ्या क्रीमचा केक मांडला, वार्ताहर बोलावला. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि जाहीर केलं की योजना दणक्यात चालली आहे, पुढच्या वर्षी आणखी विषय, आणखी पोरं, वेल्डिंगची खोलीही कॉलेजला. टाळ्या झाल्या. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"पुढच्या वर्षी हरणांच्या सोमवारी परीक्षा नाही ना," मार्ली म्हणाली, "एवढं आज कुणीतरी बघाल का?"

साहेब हसले, छान छान म्हणाले आणि केक कापायला लागले. कुणी बघितलं नाही.

नव्या वर्गासाठी जागा हवी म्हणून मला बाहेर काढलं. आता मी बसगाड्यांच्या शेडमध्ये असतो. माझ्यावर टायर पडतात, तेलाचे डबे ठेवतात. निळं कापड गेलं, याचं मला काडीचं दुःख नाही. वाकडी तिपाईही माझ्याबरोबर इथेच आली. मार्ली नर्सिंगला गेली.

परवा ऑगस्टमध्ये शाळेने नवं वेळापत्रक पाठवलं. शेडच्या भिंतीवर डकवताना एमिल थांबला. त्याने बोट फिरवत तो सोमवार शोधला. परीक्षा तिथेच होती. त्याने एक घाण शिवी हासडली आणि शेडबाहेर जाऊन डोंगराकडे बघत उभा राहिला.

यंदा त्याचं तिथे कुणी नाही. दुसऱ्यांची पोरं आहेत. तरी तो परत आला, माझ्याशेजारची वाकडी तिपाई उचलली आणि आपल्या बसमध्ये मागच्या सीटखाली सरकवून ठेवली.

साहेब, वाढवा तुमचं कॉलेज. वेल्डिंगची खोली घ्या, जेवणाची खोली घ्या, माझ्यासारख्यांना खुशाल बाहेर फेका. पण त्या सोमवारी एकदा तरी तुम्ही स्वतः येऊन बसा. म्हाताऱ्याला एक हरीण तरी मारू द्या.