सुईची जागा

ग्लेनिसनं ओव्हनचं दार उघडलं, जाड हातमोज्यांनी तबकडी बाहेर काढली आणि पालथ्या डब्यावर टाकली. काळी तबकडी लाटलेल्या पोळीसारखी चारी बाजूंनी खाली लोंबली. तिनं कडा चेपून भराभर चुण्या पाडल्या आणि झाला वाडगा तयार. तळाशी मधोमध निळं लेबल तेवढं शाबूत राहिलं होतं. त्यावर गावातल्या शाळेचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'वर्षअखेरचा कार्यक्रम'.

"शाळेची ही रेकॉर्ड लवकर मऊ पडते बघ," ती म्हणाली.

"तुझ्या तावडीत सापडल्यावर कडक राहायची कुणाची बिशाद आहे!" गल्ल्यावरून वॅल म्हणाली.

बाहेर उत्तरेचा तापलेला वारा गव्हाच्या कोठारांवरून धूळ उडवत होता, आणि अशा उकाड्यात ह्या दोघी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ओव्हन पेटवून बसलेल्या. पण जत्रा जवळ आली होती आणि वाडगे खपायचे. रेकॉर्डी मात्र खपत नव्हत्या. गावात कुणी म्हातारं गेलं की मुलं मेलबर्नहून यायची, घर रिकामं करायची आणि खोके आणून इथं टाकायची. बँडच्या रेकॉर्डी, ऑर्गनच्या, कुठल्याशा चर्चच्या गायकवृंदाच्या. एकेक डॉलरला ठेवल्या तरी कुणी ढुंकून बघत नसे. वाडगा केला की तीच वस्तू लोक कौतुकानं घरी नेत, वर लिंबं ठेवायला छान आहे म्हणत.

एक वाडगा तर खुद्द कीथनं विकत घेतला होता. कीथ म्हणजे ग्लेनिसचा नवरा. मागच्या खोलीत बसून तो लोकांनी दिलेले टोस्टर आणि दिवे तपासायचा, प्लग बदलायचा. स्वतःच्या बायकोनं केलेला वाडगा त्यानं रोख पैसे मोजून घेतला, तेव्हा वॅलनं त्याची यथेच्छ टर उडवली होती. वाडगा घरामागच्या शेडमध्ये नेऊन ठेवला असेल, खिळे ठेवायला, असं ग्लेनिसला वाटलं होतं.

दाराची घंटा वाजली आणि जसिंटा आत आली. ही मेलबर्नची, तिशीतली. तिथल्या छोट्या रेडिओवर तिचा कार्यक्रम असायचा. कुणालाच नको असलेल्या रेकॉर्डी शोधून ती तिथं वाजवायची, आणि त्यासाठी दर महिन्याला गावोगावची अशी दुकानं पालथी घालायची. आल्या आल्या तिची नजर डब्यावर गेली.

"अहो ग्लेनिस! आज कुणाचा जीव घेतलात?"

"शाळेचा. नाहीतरी घेणार कोण होतं?"

"मी! मी घेणार होते की!" जसिंटा गुडघ्यांवर बसली आणि ओव्हनशेजारचा ढीग उपसायला लागली. "मोठ्या गायकांच्या रेकॉर्डी लाखांनी निघाल्या, त्या कुठं पळून जात नाहीत. या मात्र एका गावापुरत्या काढलेल्या. ही भाजलीत की संपली. कुठंच नाही मग."

"संपू दे ना. पोरांचं केकाटणं कुणाला हवंय?"

"मला हवंय. ही बघा, आणखी एक आहे!"

तिनं ढिगाच्या तळातून तेच कव्हर ओढून काढलं. शाळेची विटांची इमारत, पुढं झेंडा. ग्लेनिसनं ते मुद्दाम पालथं घालून तळाशी सरकवलं होतं. तिनं मान वळवली आणि हातमोजे झटकायला लागली.

रेकॉर्ड तपासायला म्हणून दुकानात एक जुना प्लेअर ठेवलेला होता. जसिंटानं तबकडी त्यावर ठेवली. नको लावूस, असं ग्लेनिसच्या अगदी ओठांवर आलं, पण का नको ते सांगावं लागलं असतं.

खरखरीतून गाणं सुरू झालं. पोरं बेसूर, बासऱ्या त्याहून बेसूर. वॅल पोट धरून हसली. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग एक मुलगा बोलायला लागला. आवाज नुकता फुटत होता.

"आता यानंतर आमचा छोटा बँड... एक मार्चिंग धून सादर करील. ट्रायँगलवर मी आहे, त्यामुळे काही चुकलं तर..." इथं तो अडला, आणि स्वतःच फिसकन हसला. "तर ते ड्रमवाल्याचं चुकलं समजा."

सगळा हॉल हसला. कुणीतरी 'शूऽऽ' केलं. बँड सुरू झाला.

वॅलचं हसू मावळलं. तिनं ग्लेनिसकडं पाहिलं, आणि जाऊन दारावरची पाटी 'बंद'वर फिरवली.

ग्लेनिस आणि कीथचा मुलगा डॅरिल त्या कार्यक्रमानंतर, जानेवारीतल्या उन्हाळी सुट्टीत बंधाऱ्यावर पोहायला गेला, तो परत आला नाही. सुट्टी संपल्यावर शाळेनं प्रत्येक मुलाच्या घरी रेकॉर्ड पाठवली, तशी त्यांच्याही पाठवली. ग्लेनिसनं पाकीट फोडलंसुद्धा नाही. तिनं ते कीथच्या हातात कोंबलं होतं आणि म्हणाली होती, "टाकून ये हे. आणि त्याचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. मला सहन होणार नाही." फोटो तिनं पेटीत घालून बहिणीकडं धाडले. कीथनं तिचा शब्द पाळला. त्यानंतर त्यांनी पेरण्या केल्या, दुष्काळ काढले, शेत विकून गावात राहायला आले, पण डॅरिलचं नाव दोघांच्या तोंडून कधी आलं नाही. आणि त्या रेकॉर्डवर फक्त ट्रायँगलची टिणटिण आहे, असंच ती इतकी वर्षं समजत होती. तोच म्हणाला होता तसं, जेवताना. 'आई, मी नुसता टिणटिण करणार आहे.' बोलणार आहे हे त्यानं सांगितलंच नव्हतं!

"परत लाव," ग्लेनिस म्हणाली.

"काय?"

"तो मुलगा बोलतो ना, ते. ते परत लाव."

तिच्या आवाजानं जसिंटा चपापली. तिनं सुई उचलून मागं ठेवली, तर गाण्याचं मधलं कडवं लागलं. पुन्हा ठेवली, तर नुसता बँड. एरवी दोन गाण्यांमध्ये कोरी पट्टी असते, ती डोळ्यांना दिसते. हा कार्यक्रम सलग ध्वनिमुद्रित केलेला. टाळ्या, बोलणं, गाणं सगळं एकात एक मिसळलेलं, नुसत्या काळ्या रेघा. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि सुई टाळ्यांवर पडून घसरली.

"थांबा हं, सापडेल. नक्की कुठं आहे ते कळत नाहीये..."

"लवकर," ग्लेनिस म्हणाली. हातमोजा तिनं छातीशी आवळून धरला होता.

मागच्या खोलीचं दार उघडलं. कीथ हात पुसत बाहेर आला. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. चष्मा कपाळावरच होता, तोही त्यानं खाली ओढला नाही. जसिंटाला त्यानं नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं बाजूला केलं, वाकला, दोन बोटांत सुई धरली आणि खाली ठेवली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आता यानंतर आमचा छोटा बँड..."

कीथ टेबलाला टेकून उभा राहिला. डॅरिल अडला, हसला, हॉल हसला, बँड सुरू झाला. कीथचं बोट टेबलाच्या कडेवर एकदाच हललं, आणि त्याच क्षणी ट्रायँगल वाजला. मग त्यानं सुई उचलली.

ग्लेनिस नवऱ्याच्या बोटाकडं बघत राहिली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"शाळेतनं आली तेव्हापासून."

"टाकून ये म्हटलं होतं मी."

"हो. म्हटलं होतंस."

"कुठं? कुठं ऐकत होतास?"

"शेडमध्ये. तू चर्चला गेलीस की."

ग्लेनिसनं हातमोजा त्याच्या अंगावर फेकला. "आणि मला सांगितलं नाहीस? एकट्यानं ऐकत बसलास? इथं उभी राहून मी एकेक भाजत होते, कीथ! तुझ्या नाकासमोर! आणि तू प्लग बदलत बसलास!"

"माझ्या हाती लागल्या त्या मी नेत होतो," कीथ म्हणाला. "एक सुटली, म्हणून तो वाडगा घेतला. आजच्या खोक्याचं मला ठाऊक नव्हतं."

"अरे, पण एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला!"

"कसं बोलणार होतो, ग्लेन?" तो म्हणाला. "त्याचं नाव काढल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं."

ती धपकन खुर्चीत बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो रागच. त्याच्यावरचा राग होता, आणि मग तो फिरून तिच्याच अंगावर आला. घरापासून शेड किती लांब? कपडे वाळत घालायला ती रोज त्या भिंतीला खेटून उभी राहत होती.

जसिंटानं तबकडी कव्हरमध्ये घातली आणि ग्लेनिसच्या मांडीवर ठेवली. "ही मी नेत नाही," ती हळूच म्हणाली आणि मागच्या दारानं निघून गेली. वॅलनं ओव्हन बंद केला.

कीथनं डब्यावरचा वाडगा उचलला. अजून ऊन होता. त्यानं लेबलावरची धूळ अंगठ्यानं पुसली, आणि तो घेऊन मागच्या खोलीकडं वळला.

"डॅरिलला ड्रमवाला मुळीच आवडायचा नाही," ग्लेनिस म्हणाली.

कीथ जागच्या जागी थांबला.

"ते मशीन घरात आण," ती म्हणाली. "शेडमधलं."

"जड आहे ते."

"असू दे. एक बाजू मी धरते."