कुंपणापलीकडचा शब्द

मी 'वाइल्ड' बोलतोय. हो, तोच, इंग्रजीतला. दचकू नका, मी चावत नाही. माझ्या नावावर जी चावाचावी खपते तिच्याशी माझा संबंध फार थोडा. मी शब्द आहे आणि शब्दाला दात नसतात. आयुष्य मात्र असतं, आणि माझं जरा जास्तच लांबलं आहे.

माझ्या जन्माचा दाखला कुणाकडे नाही. थंड मुलखातल्या कुठल्याशा जुन्या बोलीत मी जन्मलो एवढंच नक्की. पुढचं विद्वानांना विचारा आणि त्यांचं भांडण बघत बसा. एक म्हणतो, मी 'विल'च्या, म्हणजे मर्जीच्या, भावकीतला. दुसरा म्हणतो, छे, रानाला जो जुना शब्द होता त्याच्या घरातला. मला विचाराल तर पहिलं नातं मला आवडतं. आपल्या मर्जीचा मालक म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही? पण आवडतं म्हणून ते खरं ठरत नाही, हेही मला कळतं.

माझं स्वतःचं एक मत आहे. ते कुठल्या कोशात सापडायचं नाही. मला वाटतं, कुणीतरी पहिलं कुंपण घातलं आणि संध्याकाळी त्याला टेकून पलीकडे बघितलं, तेव्हा मी जन्मलो. अलीकडचं सगळं त्याने पेरलेलं, पाळलेलं. पलीकडच्याला काय म्हणायचं? म्हणून मी. माझा अर्थ तेव्हा इतका साधा होता, की जे कुणी पेरलं नाही आणि कुणी पाळलं नाही ते. त्यात शिवी नव्हती की कौतुक नव्हतं.

मग माझा संसार वाढला. आज 'डिअर' म्हणजे हरीण, पण त्या काळी कुठल्याही जनावराला तेच म्हणत. त्याच्याशी माझी सोयरीक झाली आणि 'विल्डरनेस' जन्माला आला, जिथे फक्त मोकळी जनावरं राहतात ती जागा. 'बिविल्डर' आमच्याच घरातला. कुणाला रानात नेऊन वाट चुकवायची, असं त्याचं मूळ काम. आता तो घरबसल्या माणसांना गोंधळवतो.

माझं पुढे काय झालं म्हणता? माणसांनी मला कुंपणाच्या आत ओढलं. ऐकत नाही ते पोर वाइल्ड. उशिरापर्यंत चाललेली पार्टी वाइल्ड. काही ठाऊक नसताना ठोकून दिलेला अंदाज, तोही वाइल्ड. पत्त्यांत मी म्हणजे वाटेल त्याची जागा घेणारं पान. परवा तर एका शाम्पूच्या बाटलीवर सापडलो, लिंबाच्या चित्राखाली. त्या लिंबाने रान कधी पाहिलं असेल तर शपथ! तुम्ही मराठीत निदान कामं वाटून तरी घेतली आहेत. जनावर जंगली, माणूस रानटी, आणि फुलाला नुसतं रान चिकटवलं की झालं. मला एकट्याला सगळीकडे धावावं लागतं.

पण हे रडगाणं पुरे. मला सांगायचं आहे ते एका दाराबद्दल.

गावाबाहेर जखमी आणि पोरक्या जनावरांसाठी एक केंद्र आहे. त्याचे दोन भाग आहेत. एका बाजूला जन्मभर तिथेच राहणारी जनावरं, तुटल्या पंखांची, तीन पायांची. दुसऱ्या बाजूला बरी होऊन परत रानात जाणारी. त्या दुसऱ्या बाजूच्या दारावर मला हिरव्या रंगात लिहिलं आहे. दाराच्या दोन्ही अंगांनी, कारण रंग उरला होता. खाली एक सूचना आहे, 'आत बोलू नये'. इतक्या शतकांनी कुणीतरी मला माझ्या जागेवर नेऊन बसवलं होतं. मी तिथे खूश होतो.

त्या भागाचं सगळं काम एक बाई बघायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंची जीभ टाळ्याला लागत नसे. नळाशी बोलायच्या, बादलीशी बोलायच्या, बिघडलेल्या तराजूला दम द्यायच्या. दारापाशी आल्या की मात्र ओठ मिटायचे. केंद्राचे डॉक्टर म्हणायचे, "ताई, या दाराने तुझं तोंड बंद केलं. तुझ्या आईला कळलं तर असलंच दार आपल्या घरी बसवून घेईल." डॉक्टर वयाने मोठे होते आणि चेष्टेखोर. बोलू नये हा नियम मात्र त्यांचाच, आणि त्याला कारण होतं.

आदल्या वर्षी त्यांनी एक कोल्हा वाढवला होता. हातावर खायचा, हाक मारली की यायचा. धडधाकट झाल्यावर रानात सोडला. काही आठवड्यांनी एक कोंबड्या पाळणारा माणूस पोत्यात त्याचं कलेवर घेऊन आला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. "पळालाच नाही हो. सरळ माझ्या पायाशी येऊन बसला. कोल्हा असा कधी येतो का? मला वाटलं, पिसाळलाय. घरात लहान मुलं आहेत." कुणी त्याला बोल लावला नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी दारावर माझ्याखाली ती सूचना रंगवली.

आणि मग ती आली. कोल्ह्याचं पिल्लू, मादी, डोळे नुकते उघडलेले. रस्त्याचं काम करणाऱ्या एका मजुराने हेल्मेटमधून आणली. आई गाडीखाली गेली होती, बाकीची पिल्लं बिळात थंड पडली होती. दोन-तीन पिल्लं असली की ती एकमेकांना धरून वाढतात आणि माणसाला विचारत नाहीत. एकटं पिल्लू फार अवघड. डॉक्टरांनी जोडीला दुसरं पिल्लू मिळावं म्हणून सगळीकडे फोन केले, पण कुठेच नव्हतं.

माणसाचा वास येऊ नये म्हणून ताई पाचोळ्यात घोळवलेला झगा घालायच्या, तोंड झाकायच्या आणि न बोलता बाटली लावायच्या. पिल्लू तोंड फिरवायचं. छातीत कफ झाला, मान लटकायला लागली. डॉक्टरांनी सुई टोचली आणि नकारार्थी मान हलवली. ते बाहेर गेले तशी ताईंनी तोंडावरचं फडकं काढलं आणि त्या इवल्याशा डोक्याशी वाकून म्हणाल्या, "खा गं, माझी बाई."

पिल्लाचा कान हलला. त्याने बाटली धरली.

नियम मोडला म्हणून मी चिडायला हवं होतं. मी नाही चिडलो, उलट मला हायसं वाटलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ताई तेच म्हणायच्या, हलक्या आवाजात, आणि ती खायची. बाटली सुटली, उंदीर खायला लागली, लाल केस आले, शेपूट झुबकेदार झाली. डॉक्टर आत आले की कोपऱ्यात केलेल्या बिळात पसार. दुसरं कुणी आलं तरी पसार. पण ताईंनी तेवढे चार शब्द उच्चारले, की कान मागे टाकून जमिनीला पोट लावत यायची आणि त्यांच्या पायावर लोळण घ्यायची.

सोडायची वेळ जवळ आली तेव्हा डॉक्टरांनी फटीतून हे पाहिलं. ते रागावले नाहीत. बाहेरच्या पायरीवर, माझ्या अगदी खाली, ताईंच्या शेजारी बसले.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून. नाहीतर ती जगलीच नसती, डॉक्टर."

"माहीत आहे. म्हणून तर काही म्हणत नाही."

"मग आपण ठेवून घेऊ या ना तिला. पलीकडे जागा आहे की."

"पलीकडे जाळी आहे. तो म्हातारा कोल्हा बघतेस ना? दिवसभर जाळीच्या कडेकडेने फेऱ्या मारतो. त्याला निदान एक पाय नाही. हिला काय झालंय? तुझी माया लागली, एवढंच." मग डॉक्टर खाली बघत म्हणाले, "ती सगळ्या जगाला भिते. फक्त तुला भीत नाही. रानात एखादी बाई पोरीला जेवू घालताना हेच म्हणत असेल, आणि ही जाऊन तिच्या पायावर लोळेल. मग काय होतं ते तुला ठाऊक आहे."

"मी काय करू?"

"तेच शब्द म्हण. आणि ती आली की तिला हाकल."

"तुम्ही हाकला. मी नुसतं म्हणते."

"मी हाकललं तर ती मला भिईल. मला तर ती भितेच."

दुसऱ्या दिवशी ताई हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन आत गेल्या. त्यांनी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "खा गं, माझी बाई." ती आली, शेपूट हलवत, तोंडाने बारीक कुईकुई करत. ताईंचा हात उठेना. डॉक्टर बाहेरून पुटपुटले, "वाजव." त्यांनी डबा बडवला. पिल्लू हवेत उडालं, गरकन फिरलं, तो भयंकर आवाज कुठून आला ते शोधायला लागलं. आणि मग धावत येऊन ताईंच्याच पायांमागे लपलं.

ताईंनी डबा खाली टाकला. पाण्याची नळी उचलली, तोंड फिरवलं आणि पाण्याचा जोर त्या लाल अंगावर सोडला. ती भिंतीवर आपटली, उठली, ताईंकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा नळी रोखली.

त्या दिवशी ती काही खायला बाहेर आली नाही. ताई बाहेर पायरीवर आल्या तेव्हा त्यांच्या आईचा फोन आला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं, आज एवढी गप्प का? बादलीशी भांडलीस का?" ताई एवढंच म्हणाल्या, "घसा बसलाय गं आई."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रोज तेच चार शब्द, आणि त्यांच्या मागोमाग पत्रा नाहीतर पाणी. आधी ती यायची आणि मार खायची. मग अर्ध्यात थांबायला लागली. मग शब्द ऐकून उभी राहायची, पुढचा पाय उचललेला, यावं की न यावं ते तिला कळत नसे. ते बघवत नव्हतं. मी दारावर रंगवलेला, मला मान फिरवता येत नाही.

शब्दाचा अर्थ बदलतो हे मला कुणी शिकवायला नको. माझा किती वेळा बदलला ते आत्ताच सांगितलं. पण ते बदल शतकाशतकांनी झाले. कुणी एकाने केले नाहीत, म्हणून कुणाला दुखलं नाही. इथे माझ्या डोळ्यांदेखत चार मायेच्या शब्दांचा अर्थ फिरवला जात होता, आणि ज्या तोंडातून ते आले त्याच तोंडाकडून. आणि हे सगळं माझ्यासाठी. ते पिल्लू वाइल्ड व्हावं म्हणून. मी कुणाला इतका महाग पडेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मला माझीच लाज वाटायला लागली.

एक दिवस ताईंनी शब्द उच्चारले आणि ती विजेसारखी बिळात गेली. डबा वाजवायची गरजच पडली नाही. डॉक्टर म्हणाले, "झालं." ताईंनी मान हलवली आणि नळी गुंडाळून जागेवर ठेवली. त्यानंतर अन्न भिंतीच्या झरोक्यातून आत पडायचं, आवाज न करता.

तिला सोडायला नेलं त्या लाकडी पेटीवरही मी रंगवलेला आहे, म्हणून पुढचं मला सांगता येतं. दिवस नुकता उजाडला होता. रानाच्या कडेला पेटी ठेवून डॉक्टरांनी झडप वर ओढली आणि दोघं मागे सरली. ती बाहेर आली. गवत हुंगलं. थोडं पुढे गेली आणि थांबली. वळून बसली. झगा नाही, फडकं नाही, उघड्या चेहऱ्याच्या ताई समोर होत्या, आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

डॉक्टर हळूच म्हणाले, "बोल."

ताई बोलेनात. मला त्यांचं मन कळत होतं. आजवर डबा होता, नळी होती, भिंती होत्या. आता काही नव्हतं. ती आली असती तर तिला घेऊन घरी जाता आलं असतं. मरेपर्यंत जाळीआड का होईना, रोज दिसली असती. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती यावी असं मलासुद्धा वाटलं. मी, वाइल्ड, आणि मला असं वाटावं!

"ताई, बोल."

शेवटी ताई, पहिल्या दिवशी ते डोकं हातात लटकत असताना म्हटलं होतं, अगदी तसंच म्हणाल्या, "खा गं, माझी बाई."

ती उठली आणि पळाली. मागे वळून न बघता, उभ्या गवतातून, जीव घेऊन. गवत हलायचं थांबलं तरी दोघं तिकडेच बघत होती.

"जिंकलीस," डॉक्टर म्हणाले. त्यांना चेष्टा करायची होती, जमली नाही.

"हो," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ती काय समजली असेल हो? मी तिच्याशी असं का वागले म्हणून?"

डॉक्टर पेटी उचलायला वाकले. एवढा जुना शब्द मी, एवढा गोतावळा, पण त्या प्रश्नापुढे माझी बोलती बंद झाली.

तिची पुढे काही बातमी आली नाही. कुणी पोतं घेऊन आलं नाही, म्हणजे चांगलंच असावं असं धरून चालायचं. दारावरचा माझा रंग आता पोपडे धरून निघतोय. ताई आत-बाहेर करतात, नवी जनावरं येतात-जातात. बादलीशी त्या अजून भांडतात. पण कुणाला जेवायला वाढताना त्या काही बोलत नाहीत, नुसतं ताट पुढे सरकवतात.

माझं तुमच्याकडे मागणं थोडं आहे. मला शाम्पूवर छापा, पार्टीला लावा, माझी तक्रार नाही. पण कधी रानाच्या कडेला एखादं जनावर तुम्हाला बघून जिवाच्या आकांताने पळालं, तर वाईट वाटून घेऊ नका, आणि त्याला हाक मारू नका. ते इतकं छान पळावं म्हणून कुणाचं काय गेलं असेल, तुम्हाला माहीत नाही. त्याला पळू द्या.