पावणेचार किलोंचा वाटा

देओलिंदाची गाय ओढ्याच्या काठावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. फोंताल्वात असं झालं की गावची चाळीस घरं त्या गाईचं मांस सारखं वाटून घेत, आणि पुढं सगळी मिळून धनिणीला एक कालवड आणून देत. वाटा किती ते मांस कापायला घेण्याआधीच ठरे. चामडं काढून धड आढ्याला टांगलं की अंदाज बांधणाऱ्यानं ते निरखायचं, चाचपायचं आणि हाडं-चरबी वगळून मांस किती निघेल तो आकडा बोलायचा. वाटप वरच्या आळीपासून सुरू होई, आणि शेवटी गिरणीजवळचं बेल्मिरोकाकांचं घर.

अंदाजाचं काम इनासियुंचं. त्यांचा आकडा कधी चुकला नाही, असं सगळं गाव म्हणे. ते गेल्यावर पहिल्यांदाच त्यांची मुलगी आमांदिया धडासमोर उभी होती.

"हिला रश्श्यात मीठ किती ते विचारा," वरच्या आळीतला झेफेरिनो म्हणाला. चारजण हसले.

धड दोनशे चाळीस किलो भरलं होतं. मागचे पुठ्ठे भरलेले, पाठ रुंद, वरून चरबी बेताची. आमांदिया त्या हसण्यानं चिडली होती. आत हात घालून गुर्द्याभोवती चाचपायचं राहिलं.

"एकशे साठ किलो मांस," ती म्हणाली. "घरटी चार."

खाटीक कामाला लागला. चरबीची एक बादली भरली, मग दुसरीही. आमांदियाला आता आठवलं. गाय शरदभर चेस्टनटच्या झाडांखाली चरत होती, आणि चेस्टनट खाऊन येणारी चरबी आत, गुर्द्याभोवती साठते. दहा किलो तरी कमी येणार. गप्प राहिलं तर वाटप शेवटच्या घरांपाशी पोचेपर्यंत कुणाला कळणार नव्हतं. आणि बोललं तर हे काम आपल्या घरातून जाईल.

"थांबा," ती म्हणाली. "माझं चुकलं. मी आत हात घातला नाही. घरटी पावणेचार."

"इनासियुंनी शब्द कधी फिरवला नाही," झेफेरिनो म्हणाला.

"नाहीच फिरवला," मागून बेल्मिरोकाका बोलले. "पांढऱ्या बैलाच्या वेळी पंधरा किलो कमी आलं. आमच्या घरी हाडं आली. बायको म्हणाली, भला माणूस आहे, बोलू नका. आजवर बोललो नाही." मग ते आमांदियाकडे वळले. "बापावर राग नाही गं माझा. पण आज मला मांस मिळणार ना? मग अंदाज तूच करत जा."

झेफेरिनोची बायकोच पहिली भांडं घेऊन पुढं आली. "पावणेचार घाल रे," ती खाटकाला म्हणाली, "यांच्याकडे बघू नकोस."

शेवटचा वाटा काट्यावर पावणेचारला मूठभर जास्तच भरला. आमांदियानं काकांचं भांडं स्वतः उचललं आणि गिरणीपर्यंत पोचवलं. वाटेत तिला आभार मानायचे होते, पण ती नुसतीच भराभर चालत राहिली.

"हळू चाल," काका म्हणाले, "माझं जेवण आहे ते."